अतिवापरजन्य इजा

अतिवापरजन्य इजा : तीच ती हालचाल दिवसेंदिवस करत राहिल्याने, किंवा अंग एकाच स्थितीत तासन्‌तास धरून ठेवल्याने स्नायू, स्नायुबंध (स्नायू हाडाला बांधणारे दोर) आणि मज्जातंतू यांना होणारी इजा. डॉक्टरांच्या बोलण्यात ‘आरएसआय’ (रिपिटेटिव्ह स्ट्रेन इंज्युरी, म्हणजे पुनःपुन्हा पडणाऱ्या ताणाने होणारी इजा) हे नाव येते. हाड मोडले वा पाय मुरगळला, तर तो क्षण सांगता येतो. इथे तसा क्षणच नसतो. सुटी हालचाल निरुपद्रवी असते, पण आधीची झीज भरून निघण्यापूर्वीच तिच्यावर पुढची पडत जाते.

अठराव्या शतकाच्या आरंभी इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामाझिनी यांनी लेखनिकांच्या दुखण्याची तीन कारणे सांगितली : सतत बसणे, हाताची न थांबणारी एकसारखी हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. यातले तिसरे कारण आजही पुष्कळदा विसरले जाते. मन ताणलेले असले की खांदे नकळत वर चढतात, बोटे गरजेपेक्षा घट्ट पकडतात. तारायंत्र चालवणाऱ्यांच्या हातात येणारे पेटके ब्रिटनमध्ये १९०८ साली भरपाईस पात्र व्यवसायजन्य आजारांत धरले गेले.

सगळ्यात संथ भरून येतो तो स्नायुबंध, कारण त्याला रक्तपुरवठा कमी. त्यातले कोलॅजेनचे धागे एरवी विंचरलेल्या केसांसारखे समांतर असतात. अतिवापराने ते विस्कटतात आणि दोर जाड, पण दुबळा होतो. सूज आली असेल म्हणून गोळ्या घेतल्या जातात, मात्र जुनाट दुखण्यात सूज थोडी आणि झीज फार असते. स्विस शल्यविशारद फ्रिट्झ द कर्वें यांनी १८९५ मध्ये वर्णिलेल्या विकारात अंगठ्याचे स्नायुबंध मनगटाशी आपल्या अरुंद आवरणात अडकतात. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे झुकवले की कळ येते. काही वेळा त्या जागी बोट ठेवले तर आतली करकर हाताला जाणवते.

हलक्या कामाने स्नायू का दुखावेत, हा प्रश्न रास्त आहे. स्नायू आधी आपले लहान तंतू कामाला लावतो आणि ते सर्वांत शेवटी सोडतो. त्यामुळे काम कितीही हलके असले, तरी मान-खांद्यातल्या त्याच तंतूंना दिवसभर विसावा मिळत नाही, असे एक मान्यवर स्पष्टीकरण आहे.

मज्जातंतूची कथा मनगटाच्या बोगद्यात, म्हणजे कार्पल टनेलमध्ये सर्वांत स्पष्ट दिसते. नऊ स्नायुबंध आणि एक मीडियन मज्जातंतू या अरुंद वाटेने हातात उतरतात. आतला दाब वाढला की आधी मज्जातंतूचा रक्तपुरवठा घटतो, मग त्यावरचे मायलिनचे वेष्टन बिघडते, शेवटी खुद्द तंतूच मरू लागतात. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू बधिर होते. करंगळी मात्र सुटते, कारण तिचा मज्जातंतू वेगळ्या वाटेने जातो. रात्री हाताला मुंग्या येऊन झोप मोडणे आणि हात झटकल्यावर बरे वाटणे, ही याची जवळजवळ ओळखखूण. पुढे शर्टाचे बटण लावता येत नाही आणि अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा सपाट होतो.

हालचालही बदलते. दुखरे मनगट वाचवण्यासाठी माणूस कोपर आणि खांदा वापरतो, मग तेही दुखू लागतात. काही वादक व लेखनिकांत तर मेंदूतला बोटांचा नकाशाच पुसट होतो; शेजारची बोटे एकमेकांत मिसळतात आणि एक उचलू जाता दुसरे वळते. हा फोकल डिस्टोनिया. यात दुखतेच असे नाही, म्हणून तो सरावाचा अभाव समजला जातो आणि वादक आणखी रियाज करतो. हा गैरसमज फार महाग पडतो.

नुसती विश्रांती पुरेशी नसते; संपूर्ण आरामाने स्नायुबंध आणखी दुबळा होतो. ज्या कामाने त्रास होतो ते कमी करून भार हळूहळू वाढवणे, मध्येमध्ये थांबणे, कार्पल टनेलसाठी रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधणे हे उपाय प्रथम केले जातात. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने बहुधा तात्पुरता आराम पडतो. मज्जातंतू फारच दबला असेल, तर बोगद्याचे छत असलेला पट्टा शस्त्रक्रियेने कापतात. मुंग्या अनेकदा लवकर थांबतात, पण मेलेला तंतू दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वेगानेच पुन्हा वाढतो, आणि फार उशीर झाला असेल तर अंगठ्याचा सुकलेला स्नायू पूर्ववत भरत नाही.