रोड्रिगेझ-लोपेझ, ओमार

रोड्रिगेझ-लोपेझ, ओमार : (१ सप्टेंबर १९७५ – ). प्रयोगशील रॉक संगीतातील गिटारवादक, रचनाकार, ध्वनिमुद्रण-निर्माते आणि चित्रपट दिग्दर्शक. जन्म पुएर्तो रिकोमधील बायामोन येथे. बालपणाचा काही काळ साउथ कॅरोलायनात गेला आणि त्यानंतर कुटुंब टेक्सास राज्याच्या सीमेवरील एल पासो या शहरात राहू लागले. नदीपलीकडे मेक्सिकोचे सिउदाद ह्वारेस असलेल्या या शहरात घरचे साल्सा संगीत आणि बाहेरचे हार्डकोर पंक यांचे संस्कार त्यांच्यावर एकाच वेळी झाले. बाराव्या वर्षी त्यांनी बास गिटार हाती घेतली आणि काही वर्षांनी ते सहा तारांच्या गिटारकडे वळले. ते डावखुरे आहेत.

एल पासोतल्याच ‘अ‍ॅट द ड्राइव्ह-इन’ या बँडमध्ये ते १९९६ मध्ये आले. पहिल्या अल्बमवर त्यांनी बास वाजवली व नंतर गिटारची बाजू सांभाळली. छोट्या सभागृहांतून वाजवत, व्हॅनमधून देशभर दौरे करत या बँडने नाव मिळवले. २००० मध्ये रॉस रॉबिन्सन यांची निर्मिती असलेला ‘रिलेशनशिप ऑफ कमांड’ प्रसिद्ध झाला आणि बँडकडे एकदम मोठ्या प्रमाणावर लक्ष वेधले गेले. या यशाने बँडची घडी विस्कटली. जानेवारी २००१ मध्ये सिडनी येथील महोत्सवात समोरची गर्दी एकमेकांवर आदळू लागली. ती थांबेना, तेव्हा बँड तीनच गाणी वाजवून मंचावरून उतरला. त्याच वर्षी मार्चमध्ये बँडचे काम थांबले. या अल्बमचे ध्वनिमिश्रण आपल्याला रुचले नव्हते, असे रोड्रिगेझ-लोपेझ यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. ध्वनिमुद्रणाचा शेवटचा हात दुसऱ्याचा असू नये हा त्यांचा पुढचा आग्रह पाहता, ही नापसंती त्यांच्या कारकिर्दीत बँडच्या यशाहून अधिक निर्णायक ठरली, असे म्हणावे लागेल.

गायक सेड्रिक बिक्सलर-झावाला यांच्यासह त्यांनी २००१ मध्ये ‘द मार्स व्होल्टा’ हा बँड सुरू केला. त्याआधी हे दोघे ‘दे फाक्तो’ या डब संगीताच्या (रेगेतून निघालेल्या, प्रतिध्वनींवर भर देणाऱ्या शैलीच्या) बँडमध्ये होते; रोड्रिगेझ-लोपेझ बास, तर बिक्सलर-झावाला ड्रम वाजवत असत. कीबोर्डवादक आयझाया ‘आयकी’ ओवेन्स आणि ध्वनिसंस्कार हाताळणारे जेरेमी वॉर्ड हेही तिथलेच. नव्या बँडच्या नावातला ‘व्होल्टा’ हा शब्द फेदेरिको फेलिनी यांच्या चित्रपटविषयक लेखनातून घेतलेला होता. दृश्य पालटणे, कलाटणी, असा त्याचा आशय. रॉक बँडचे नाव एखाद्या चित्रपट दिग्दर्शकाच्या परिभाषेतून यावे, हा योगायोग मानता येत नाही. पहिला पूर्ण अल्बम ‘डी-लाउज्ड इन द कोमॅटोरियम’ रिक रुबिन यांच्या सहनिर्मितीत जून २००३ मध्ये आला. त्यात एल पासोतील एका दिवंगत कलावंत मित्राच्या आयुष्यावर रचलेली सलग कथा आहे. तो प्रसिद्ध होण्याच्या महिनाभर आधी जेरेमी वॉर्ड यांचा हेरॉइनच्या अतिसेवनाने मृत्यू झाला. याच गाण्यांचे रोड्रिगेझ-लोपेझ यांनी रुबिन यांच्यापूर्वी केलेले मुद्रण २०२१ मध्ये प्रकाशात आले. दोन्ही एकापाठोपाठ ऐकली की निर्मात्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसाने गाणे किती बदलते, ते कोणत्याही स्पष्टीकरणाविना कळते.

यानंतरचे अल्बम त्यांनी स्वतःच निर्मिले. ‘फ्रान्सेस द म्यूट’ (२००५) हा अमेरिकेतील बिलबोर्ड २०० यादीत चौथ्या क्रमांकावर दाखल झाला. अर्ध्या तासाहून मोठी रचना असलेल्या अल्बमसाठी हे अनपेक्षित होते. त्यातील सुमारे ३२ मिनिटांची शेवटची रचना अमेरिकी सीडीवर आठ तुकड्यांत विभागलेली आहे, पण ऐकताना कुठेही थांबा जाणवत नाही. एका गाण्यात न्यूयॉर्कच्या साल्सा परंपरेतील लॅरी हार्लो यांचा पियानो आहे, तर ‘रेड हॉट चिली पेपर्स’ या बँडचे गिटारवादक जॉन फ्रुशान्ते यांची गिटार आहे. या अल्बमपासून त्यांची कामाची पद्धत पक्की झाली. संगीत ते एकट्याने रचत. मग प्रत्येक वादकाला वेगळे बोलावून, इतरांचे वादन न ऐकवता, केवळ मेट्रोनोमच्या (लय दाखवणाऱ्या यंत्राच्या) ठोक्यावर त्याचा भाग मुद्रित करत. एकत्र वाजल्यासारखा वाटणारा तो कल्लोळ प्रत्यक्षात कोणीही एकत्र वाजवलेला नसे. तो मुद्रणमंचावर जोडलेला असे. चित्रपटात वेगवेगळ्या दिवशी घेतलेली दृश्ये संकलक सलग प्रसंग म्हणून उभी करतो, तसाच हा प्रकार होय. बँडमधली सत्ता आपल्याच हाती आहे, हेही ते मुलाखतींत मोकळेपणाने सांगत. ड्रमवादक वारंवार बदलत राहिले, त्याची मुळे बहुधा इथेच आहेत.

२००६ मधील ‘अ‍ॅम्प्यूटेक्चर’मध्ये गिटारचे बरेचसे भाग फ्रुशान्ते यांनी वाजवले. रचना, मुद्रण आणि निर्मिती ही खरी कामे मानणाऱ्या गिटारवादकाने आपले वाद्य दुसऱ्याच्या हाती द्यावे, हे रोड्रिगेझ-लोपेझ यांच्याबाबतीत नवल नाही. गिटार या वाद्याविषयी आपल्याला प्रेम कमी आणि राग अधिक असून, तिचा आवाज बिघडवण्यासाठी आपण इफेक्ट पेडल (पायाने चालवायची, आवाज बदलणारी उपकरणे) वापरतो, अशा अर्थाचे ते बोलले आहेत. २००८ मध्ये आयबानेझ कंपनीने त्यांच्या नावे काढलेल्या गिटारवर एकच पिकअप (तारांचे कंपन टिपणारा भाग) होता. गिटारवर सोय नको, गुंतागुंत पायाखालच्या पेडलांत हवी, असा तो हिशेब. पुढे २०१९ मध्ये म्युझिक मॅन कंपनीने ‘मारिपोसा’ हे त्यांचे दुसरे वाद्य बाजारात आणले.

‘द बेडलम इन गोलायथ’ (२००८) बिलबोर्ड यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोहोचला आणि त्यातील एका गाण्याला २००९ मध्ये हार्ड रॉक विभागातील ग्रॅमी पुरस्कार मिळाला. आणखी दोन अल्बमनंतर, जानेवारी २०१३ मध्ये बिक्सलर-झावाला बाहेर पडले व बँड विसर्जित झाला. दरम्यान ‘बॉस्नियन रेनबोज’ या नव्या बँडमध्ये रोड्रिगेझ-लोपेझ यांनी रचनेचा अधिकार चौघांत वाटून पाहिला. तेथील गायिका टेरी जेंडर बेंडर यांच्या ‘ले बुचरेट्स’ या बँडचे अल्बमही त्यांनी निर्मिले आहेत. एल पासोतल्या पहिल्या बँडचे पुनर्मीलन २०१२ मध्ये झाले आणि २०१७ मध्ये त्यांचा नवा अल्बम आला.

एकल अल्बमांची संख्या मात्र कोणत्याही मोजमापाने थक्क करणारी आहे. २००५ च्या सुमारास अ‍ॅम्स्टरडॅममध्ये राहात असताना त्यांनी मुद्रित केलेले साहित्य पुढची कित्येक वर्षे प्रसिद्ध होत राहिले. २०१६ मध्ये इपेकॅक या प्रकाशनाने दर दोन आठवड्यांनी एक याप्रमाणे त्यांचे अल्बम काढायला सुरुवात केली. सगळेच सारख्या मोलाचे नाहीत. काही केवळ वहीतली टिपणे वाटतात. पण निवडून मोजके द्यावे हा विचार त्यांच्या स्वभावात बसत नाही, हेही खरे.

चित्रपट हा त्यांचा फावल्या वेळचा छंद समजला जातो. पण एकल कारकिर्दीची सुरुवातच एका चित्रपटापासून झाली आहे. २००४ मधील त्यांचा पहिला एकल अल्बम हा जेरेमी वॉर्ड यांची प्रमुख भूमिका असलेल्या, स्वतः रोड्रिगेझ-लोपेझ यांनीच दिग्दर्शित केलेल्या चित्रपटाचे संगीत होता. चित्रपट कधीच प्रदर्शित झाला नाही. संगीत तेवढे उरले. लेखन, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका स्वतःकडे ठेवून केलेला ‘द सेंटिमेंटल एंजिन स्लेयर’ २०१० मध्ये रॉटरडॅम महोत्सवात दाखवला गेला. ‘लोस चिदोस’ (२०१२) या दुसऱ्या चित्रपटाचा पहिला खेळ टेक्सासमधील ऑस्टिन येथील साउथ बाय साउथवेस्ट महोत्सवात झाला. पुरुषी अहंकार, समलिंगी द्वेष आणि वंशद्वेष यांवरचे हे मेक्सिकोतले विखारी प्रहसन अनेकांना असह्य वाटले. कथेपेक्षा बेसूर क्षणांवर रेंगाळणे ही सवय संगीतातून चित्रपटात आली. पडद्यावर मात्र तिला ढोल आणि तालाचा आधार मिळत नाही, आणि ते जाणवते.

‘द मार्स व्होल्टा’ २०२२ मध्ये पुन्हा एकत्र आला. आरंभीच्या ‘ब्लॅकलाइट शाइन’ या गाण्यासोबत रोड्रिगेझ-लोपेझ यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला लघुपट होता. त्यात पुएर्तो रिकोचे बोंबा हे आफ्रिकी मुळांचे तालनृत्य आहे. यात ढोलवादक नर्तकीच्या अंगविक्षेपांना उत्तर देतो, नर्तकी तालामागे जात नाही. त्या वर्षीच्या अल्बममधील गाणी बहुतांशी छोटी, गिटारचा कल्लोळ जवळजवळ नाहीसा केलेली होती. पूर्वीच्या श्रोत्यांपैकी काहींनी याबद्दल कुरकूरही केली. वर्षानुवर्षे रोड्रिगेझ-लोपेझ यांनी स्वतःच कॅमेऱ्यात टिपलेले खासगी चित्रण निकोलस जॅक डेव्हिस यांनी वापरून २०२३ मध्ये त्यांच्या व बिक्सलर-झावाला यांच्या मैत्रीवर माहितीपट केला. २०२५ च्या आरंभी ‘डेफटोन्स’ या बँडच्या दौऱ्यात सुरुवातीला वाजवताना बँडने अप्रकाशित असलेला ‘लुक्रो सुसिओ, लोस ओहोस देल वासिओ’ हा आगामी अल्बम, जुने एकही गाणे न मिसळता, सलग वाजवला. तो अल्बम त्यानंतर एप्रिलमध्ये प्रसिद्ध झाला.