हाय-हॅट: स्टिक हातात, आवाज पायात

टाळ घट्ट दाबून वाजवले की आवाज तुटक येतो, सैल धरले की नाद लांबतो. ड्रमसेटमधली हाय-हॅट याच तत्त्वावर चालते. साधारण 14 इंचांच्या दोन झांजा एकमेकींवर पालथ्या असतात आणि त्या किती जवळ आणायच्या हे डावा पाय ठरवतो. इलेक्ट्रॉनिक किटवर मात्र झांजेच्या जागी रबरी पॅड असतं आणि त्याला स्वतःचा नादच नसतो. मग उघडा-बंद आवाज येतो कुठून?

पॅडच्या आत पिएझो चकती असते. काही स्फटिक दाबले की वीज निर्माण होते, हे 1880 मध्ये पिएर आणि जाक या क्युरी बंधूंनी दाखवलं. स्टिक बसताच चकतीत क्षणभर व्होल्टेज उसळतं आणि त्यावरून मॉड्यूल, म्हणजे किटचा आवाज तयार करणारा डबा, फटक्याचा जोर ओळखतं. अनेक पॅडांच्या काठाला वेगळा सेन्सर असतो. त्यामुळे स्टिकचं टोक वरच्या पृष्ठभागावर टेकवलं तर बारीक 'टिक', स्टिकची मान काठावर बसली तर भरदार, सळसळता आवाज.

पण मला सगळ्यात सुंदर वाटतो तो पेडलचा भाग. चांगल्या किटवर पेडल फक्त 'उघडं' किंवा 'बंद' एवढंच सांगत नाही. पाय किती खाली आहे, हे ते मिडीच्या, म्हणजे वाद्यांच्या डिजिटल भाषेच्या, 0 ते 127 अशा आकड्यांत सतत कळवत राहतं आणि मॉड्यूल त्याप्रमाणे आवाज निवडतं. 'एक-अँड-दोन-अँड' असं मोजताना चौथ्या ठोक्यानंतरच्या 'अँड'ला पंजा किंचित उचलून काठावर मारा, पुढच्या 'एक'ला पाय खाली. 'त्स्सप!' इथे नाद थांबवायला धातू नाही. आकडा बदलला म्हणून मॉड्यूल तो कापतं. पायाला जरा उशीर झाला की 'स्स' पुढच्या ठोक्यावर सांडतं.

नुसत्या पायाने 'चिक' काढतानाही मॉड्यूल पेडल किती वेगाने खाली गेलं ते पाहतं. हळूच दाबलं तर आवाज येत नाही. झटक्यात दाबून लगेच सोडलं तर अनेक मॉड्यूल 'स्प्लॅश', म्हणजे झांजा आपटून लगेच उघडल्याचा पसरता आवाज, वाजवतात.

माझी बंद हॅट कित्येक दिवस अर्धवट उघडी वाजायची. पॅड बिघडलंय असं वाटलं होतं. प्रत्यक्षात कॅलिब्रेशन करताना, म्हणजे पेडलची 'पूर्ण बंद' जागा मॉड्यूलला शिकवताना, मी पेडल सगळा जोर लावून दाबलं होतं आणि वाजवताना पाय तेवढा खाली जातच नव्हता. आता रोज वाजवतो तेवढ्याच दाबाने ते सेट करतो. मग आठ ठोके बंद, आठ अर्धे उघडे, टाच जमिनीवरून न हलवता.