बांगडा एकटाच दोषी नव्हता

डिचोलीच्या आमच्या मामाचं बीपी तीन-तीन गोळ्या घेऊनही १७०/१०० च्या खाली येईना. गोव्यातला माणूस म्हटल्यावर सगळ्यांचं बोट खाऱ्या बांगड्याकडे, मामीने पेजेबरोबरचं तोराचं लोणचंही बंद केलं, बीपी तिथंच. रात्री पोटरीत गोळे यायचे, लघवीला चारदा उठायचा, ते वयाच्या नावावर गेलं. फाइलमध्ये पोटॅशियम ३.१ छापलेलं होतं, साडेतीनच्या वर पाहिजे, दोन वर्षं कोणी वाचलंच नाही. मामाला शेवटी निघाला प्रायमरी अल्डोस्टेरोनिझम, म्हणजे अल्डोस्टेरॉन नावाचं हॉर्मोन जास्त सुटण्याचा आजार. (तसं बऱ्याच जणांचं ह्या आजारात पोटॅशियम नॉर्मलच असतं, त्यामुळे तर हा आणखीनच लपतो.)

किडनीवर टोपीसारखी अॅड्रिनल ग्रंथी असते, जेमतेम चार-पाच ग्रॅमची. तिचं अल्डोस्टेरॉन किडनीला सांगतं, मीठ धर, पोटॅशियम सोड. एरवी लगाम किडनीतून सुटणाऱ्या रेनिनच्या हातात, पण ग्रंथी बिघडली की रेनिन गप्प बसलं तरी ही आपली चालूच. म्हणून रक्तात दोन्ही मोजून रेशो काढतात. अमेरिकेत मिशिगनच्या जेरोम कॉननी १९५५ मध्ये हा आजार मांडला, आणि बीपीवाल्यांत शंभरात पाच-दहा जणांना तो असतो, म्हणजे दुर्मिळ वगैरे अजिबात नाही.

टेस्टच्या आधी हॉर्मोनच्या डॉक्टरांनी विचारलं, ज्येष्ठमध खाता का? मामी खोकल्यावर रोज काढा देत होती! ज्येष्ठमधानेही बीपी चढतं नि पोटॅशियम उतरतं, म्हणून तो आधी बंद, मग टेस्ट. रेशो वाढलेलाच निघाला, सलाइन देऊन खात्री केली.

सीटीत उजवीकडे छोटी गाठ दिसली, घरचे म्हणाले काढून टाका. पण गाठ दिसली म्हणजे तीच हॉर्मोन सोडते असं नसतं, म्हणून मांडीतून बारीक नळी घालून दोन्ही ग्रंथींच्या शिरांतलं रक्त वेगवेगळं घेतलं. उजवी शीर एवढीशी असते, ती सापडायला हात बसलेला माणूस लागतो. निघालं काय, तर दोन्हीकडून सारखंच गळतंय! एकच बाजू असती तर दुर्बिणीने ती ग्रंथी काढली असती, दोन्ही म्हटल्यावर गोळ्याच. स्पायरोनोलॅक्टोनने बीपी उतरलं पण छाती दुखून सुजायला लागली, पुरुषांना होतं तसं, मग एप्लेरेनोन दिलं.

आता १३० च्या आसपास असतं. बांगडा मात्र परत मिळालेला नाही, कारण अल्डोस्टेरॉनला धरून ठेवायला मीठच लागतं, त्यात मामीचं म्हणणं बरोबर होतं.