शत्रूचा कारखाना, तिसऱ्याची भूमी

बेळगावच्या शहापूर, वडगाव आणि खासबाग भागांत मागाचा खडखडाट अजून ऐकू येतो, पण सुतावर चढलेला रंग कोणत्या देशातून आला याची चौकशी साडी घेणारे गिऱ्हाईक सहसा करत नाही. १९१४ साली ती चौकशी साऱ्या हिंदुस्थानातील विणकरांना आणि रंगाऱ्यांना करावी लागली. लाल रंगाचे अलिझरिन आणि कृत्रिम नीळ ही रसायने तेव्हा मुख्यतः जर्मनीतून येत; महायुद्ध पेटताच त्यांची आवक आटली, भाव भडकले आणि मोडीत निघालेल्या निळीच्या शेतीला काही वर्षे पुन्हा बरे दिवस आले.

आपल्या हद्दीतील शत्रूची कंपनी सरकार कायद्याने ताब्यात घेऊ शकते. अडचण येते ती अशी कंपनी तिसऱ्याच, युद्धात न उतरलेल्या देशात असते तेव्हा, कारण तिथे हुकूम चालत नाही आणि तिथल्या सरकारवर दाब आणावा लागतो. त्याचे मुख्य साधन म्हणजे काळी यादी, म्हणजे ज्यांच्याशी कोणी व्यवहार करू नये अशा पेढ्यांची जाहीर यादी. रविवार पेठेतल्या सर्व घाऊक व्यापाऱ्यांनी एका दुकानदाराला माल आणि उधारी देणे बंद केले, तर त्याच्या दुकानाला कुलूप लावण्यासाठी पोलीस लागणार नाहीत. यादीचे काम याच रीतीने चालते. जुलै १९१६ मध्ये ब्रिटनने आपल्या यादीत अमेरिकेतील सुमारे ८५ पेढ्या घातल्या, तेव्हा राष्ट्राध्यक्ष विल्सन संतापले. त्याच अमेरिकेने १७ जुलै १९४१ रोजी, स्वतः अजून युद्धाबाहेर असताना, लॅटिन अमेरिकेतील सुमारे १,८०० नावांची यादी जाहीर केली. तत्त्व किती लवचिक असते, हे या २५ वर्षांच्या अंतरावरून दिसते.

कोलंबियातील ‘स्काड्टा’ ही विमान कंपनी १९१९ मध्ये जर्मन आणि कोलंबियन मंडळींनी काढली होती. तिचे बहुसंख्य शेअर १९३१ मध्येच गुपचूप अमेरिकी ‘पॅन अमेरिकन’कडे गेले होते, तरी वैमानिक आणि तंत्रज्ञ जर्मनच राहिले, आणि पनामा कालवा तिथून काही तासांच्या उड्डाणावर होता. अमेरिकी राजदूताने अध्यक्ष सांतोस यांच्या सरकारकडे तगादा लावला. जून १९४० मध्ये बदली माणसे आधी तयार ठेवून जर्मन कर्मचाऱ्यांना एका झटक्यात कमी करण्यात आले, आणि कंपनी ‘आव्हियान्का’ या नव्या नावाने उभी राहिली. वैमानिकाच्या जागी वैमानिक मिळतो, म्हणून हे जमले.

रंगांच्या बाबतीत तसे झाले नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने जप्त केलेली सुमारे ४,५०० जर्मन पेटंटे १९१९ मध्ये ‘केमिकल फाउंडेशन’ या अमेरिकी संस्थेकडे सोपवली गेली, पण ती वाचून रंग बनेना. कोणत्या तापमानावर, किती दाबाखाली, कोणता उत्प्रेरक किती वेळ ठेवायचा, हे बारकावे कागदावर नव्हते, तर ऱ्हाइनकाठच्या रसायनतज्ज्ञांच्या हातात होते. शेवटी ड्यूपाँ या अमेरिकी कंपनीने जादा पगार देऊन जर्मन रसायनतज्ज्ञच आणले.

ॲस्पिरिनची गोष्ट याच्या उलट, आणि माझ्या मते सर्वांत बोधक आहे. सॅलिसिलिक आम्लावर ॲसेटिक ॲनहायड्राइडची क्रिया घडवली की ॲस्पिरिन तयार होते, आणि हा प्रयोग महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही करता येतो. कच्चा माल मात्र युद्धात अडतो: सॅलिसिलिक आम्लाला लागणारे फिनॉल पिक्रिक आम्ल या स्फोटकालाही लागते. ॲस्पिरिन बाजारात आणणाऱ्या बायर या जर्मन कंपनीचे पेटंट १९१७ मध्ये अमेरिकेत संपले होते. म्हणजे कृती सर्वांना खुली होती आणि खरी किंमत उरली होती नावाला. जप्त झालेली बायरची अमेरिकी मालमत्ता डिसेंबर १९१८ च्या लिलावात ‘स्टर्लिंग’ या अमेरिकी औषध कंपनीने सुमारे ५३ लाख डॉलरना घेतली. पुढे मात्र याच स्टर्लिंगने मूळ जर्मन कंपनीशी करार करून लॅटिन अमेरिकेतला बहुतांश नफा तिच्याकडे वळवला. जप्ती झाली होती, संबंध तुटला नव्हता.

तो तुटला १९४१ मध्ये, वॉशिंग्टनच्या दडपणाखाली. लॅटिन अमेरिकेत बायरची ‘काफियास्पिरिना’ ही ॲस्पिरिनची गोळी घरोघरी ठाऊक होती. तिला हटवण्यासाठी स्टर्लिंगने ‘मेहोराल’ ही गोळी आणली आणि ध्वनिक्षेपक लावलेल्या गाड्या खेडोपाडी फिरवून तिची जाहिरात केली. यादीमुळे जर्मन विक्रेत्याचा माल अडवता येत होता, पण डोके दुखल्यावर ओठांवर येणारे नाव बदलायला हा सारा खटाटोप लागला.

अमेरिकेची ही काळी यादी जुलै १९४६ मध्ये मागे घेण्यात आली. अमेरिकेत ॲस्पिरिनच्या गोळीवर स्वतःचे नाव पुन्हा लावण्याचा हक्क बायरला १९९४ मध्ये मिळाला. त्यासाठी स्टर्लिंगचा उत्तर अमेरिकेतील विनाचिठ्ठी औषधांचा व्यवसाय तिला सुमारे १०० कोटी डॉलर मोजून विकत घ्यावा लागला.