प्राथमिक आरोग्य केंद्रात मानसिक आजार ओळखणं

गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसीत), उपकेंद्रात किंवा फॅमिली डॉक्टरकडे साधीसुधी तक्रार घेऊन आलेल्या पेशंटला डिप्रेशन, एन्झायटी, दारूचं व्यसन किंवा सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं) असं काही आहे का, हे तिथंच हेरणं म्हणजे हे काम. सपाट भागात साधारण ३० हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येला एक पीएचसी असं सरकारी गणित आहे, त्यामुळे बहुतेकांची गाठ पडते ती मानसोपचारतज्ज्ञाशी नाही, तिथल्या एमबीबीएस डॉक्टरशीच.

घोडं अडतं कुठं, तर मन बिघडलंय असं सांगत कुणी येत नाही. अंग दुखतं, डोकं जड, हातापायाला मुंग्या, छातीत धडधड, झोप नाही, आणि शेवटी "डॉक्टर, एक बाटली लावा ना, लय विकनेस आलाय". बायकांची अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार तर खास, गोव्यातल्या अभ्यासात तिचा संबंध इन्फेक्शनपेक्षा मनावरच्या ताणाशी जास्त निघाला होता. सलाईन लागतं, बी-कॉम्प्लेक्स मिळतं, दोन दिवस बरं वाटतं आणि पेशंट परत लाईनीत. रिपोर्ट नॉर्मल आणि चकरा चालूच, ही खरं तर मोठी खूण, पण ओपीडीच्या गर्दीत ती बघायला वेळ कुणाला?

तसा वेळही फार लागत नाही. गेले दोन आठवडे उदास वाटतंय का आणि कशात मन लागत नाही असं होतंय का, एवढे दोन प्रश्न सुरुवातीला पुरतात. उत्तर हो आलं तर डिप्रेशन मोजणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली भरायची, २७ पैकी १० किंवा जास्त मार्क पडले की नीट तपासायचं, नुसत्या मार्कांवर निदान करायचं नाही. थायरॉइड आणि रक्त कमी असणं आधी बघावं, थकवा त्यानेही येतो. आत्महत्येचे विचार येतात का हे स्पष्ट विचारावं, विचारल्याने डोक्यात भरतं हा निव्वळ गैरसमज.

सायकोसिसचा पेशंट मात्र स्वतःहून येत नाही, देवऋषी-मांत्रिक करून थकलेले नातेवाईक त्याला घेऊन येतात.

भारतात याचे पहिले प्रयोग १९७०च्या दशकात बेंगळुरूजवळ सकलवारा आणि हरियाणात रायपूर रानीला झाले, १९८२ला राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, मग कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यातला प्रयोग बघून १९९६पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम. कागदावर सगळं छान, पण डॉक्टरला ट्रेनिंग दिलं की झालं हा समज काही खरा ठरला नाही. गोव्यातल्या मानस प्रयोगात स्थानिक लोकांनाच शिकवून काउन्सेलर केलं, पेशंटला समजावणं, पुढच्या भेटीला बोलावणं हे त्यांच्याकडे, आणि २०१०ला छापलेल्या निकालात सरकारी केंद्रांतले पेशंट जास्त बरे झालेले दिसले, खाजगी दवाखान्यांत मात्र तसा फरक पडला नाही. ऑक्टोबर २०२२पासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा फुकट नंबरही आहे, मराठीत बोलता येतं, आशाताईंनी तो घरोघरी द्यायला हरकत नाही.