ओकवरचा पतंग आणि गुळवेलीवरचा त्याचा भाऊबंद

गणपतीत माटवीला टांगलेल्या फळांवर कधीकधी रात्री एक जाडजूड पतंग येऊन बसतो, बघायला सुकलेलं पान, आणि डिवचला की मागचे भडक नारिंगी पंख उघडतो, त्यावर काळे ठिपके. हा युडोसिमा. अशा पंखांवर खरा अभ्यास झाला तो मात्र कोकणात नाही, तर ओकच्या झाडांवर वाढणाऱ्या कॅटोकला पतंगांवर. आपल्या सह्याद्रीत ओक नाही, तो बघायला हिमालयात जावं लागतं.

प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1767 साली युरोपातला ओकवरचा लाल पंखांचा कॅटोकला स्पॉन्सा आणि आपल्याकडेही दिसणारा युडोसिमा मटेर्ना, दोघांनाही एकाच ग्रंथात नाव दिलं, कॅटोकला हा गट श्रँक या अभ्यासकाने 1802 ला पाडला. स्पॉन्साची अंडी थंडीभर सालीच्या फटीत पडून असतात, वसंतात ओकला कोवळी पालवी फुटली की अळ्या बाहेर येतात, रंग सालीचाच आणि अंगाच्या कडेला बारीक केसांची झालर, त्यामुळे फांदीला चिकटून पडली की सावलीसुद्धा पडत नाही. मोठा पतंग दिवसभर खोडावर पुढचे करडे पंख मिटून बसतो.

मग लाल पंख कशाला? 1985 साली संशोधक डेब्रा श्लेनॉफ यांनी अमेरिकेतल्या ब्लू जे पक्ष्यांसमोर खोटे पतंग ठेवले. झाकलेला रंग अचानक दिसला की पक्षी दचकायचे, तोच नमुना परत परत दिसला की सरावायचे, नवीन दिसला की परत दचकायचे. एकाच झाडीत इतक्या तऱ्हेचे कॅटोकला का, याचं एक कारण हेच असावं असं मानतात, आणि मला ते पटतं.

आपला युडोसिमा ओक नाही तर गुळवेल, वासनवेल खाऊन वाढतो. अळीच्या अंगावर डोळ्यांसारखे गोल, वर वाकडी होऊन बसते म्हणजे कोण कुठून बघतंय कळतच नाही. मोठा झाला की टोकदार सोंडेने फळाची साल भोसकून रस पितो, फक्त बारीक भोक दिसतं पण आत फळ सडतं. विदर्भातले संत्रावाले याला रस शोषणारा पतंग म्हणतात, संध्याकाळी बागेत धूर करतात, बांधावरची गुळवेल उपटायचा सल्ला तर ठरलेलाच. आणि इकडे करोनापासून काढ्यासाठी घरोघर गुळवेल चढवलीय, अळी पोसणार एकाच्या माडावर आणि पेरू सडणार शेजाऱ्याचे, आता सांगा कोण उपटणार!