देशी बुद्धिबळ

आंतरराष्ट्रीय नियम रूढ होण्याआधी भारतात खेळला जाणारा बुद्धिबळाचा प्रकार. यालाच हिंदी पद्धत असेही म्हणतात. पट तोच चौसष्ट घरांचा, मोहरी तीच, हत्ती-उंट-वजिराच्या चालीही आजच्याच. फरक आहे तो प्याद्यात आणि राजात. प्यादे पहिल्या खेपेलाही एकच घर सरकते. किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवणे) नाही, त्याऐवजी राजाला डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मिळते, पण तोवर त्याला शह बसलेला नसेल तरच. बारीकसारीक नियम मात्र प्रांतोप्रांती बदलत.

डावाची सुरुवात या उडीभोवतीच फिरते. घोड्यापुढचे प्यादे एक घर सारायचे आणि मोकळ्या झालेल्या घरात राजाला बसवायचे (पांढऱ्याचा राजा ई१ वरून थेट जी२ वर). समोरचा त्याआधीच शह देण्याच्या खटपटीत असतो. मध्ये प्यादे घालून शह अडवला, तरी उडीचा हक्क गेला तो गेलाच. एरवी पोकळ वाटणारा शह इथे चांगलाच बोचतो.

प्यादी मंद, म्हणून मध्यपटावर चकमक उशिरा. तोवर उंट लांब कर्णावर आणून दुरून मारा करण्याकडे कल असे. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्यात ब्रिटिश खेळाडू जॉन कॉक्रनशी खेळलेल्या महेशचंद्र बॅनर्जींच्या डावांत ही ढब दिसते. काळ्याच्या सुरुवातीच्या चालींच्या एका पद्धतीला ‘इंडियन डिफेन्स’ हे नाव याच वळणाच्या खेळावरून पडले.

शेवटच्या घरी पोचलेल्या प्याद्याचा हवा तेव्हा वजीर होत नाही. ज्या पट्टीत ते पोचले, तिथले मूळ मोहरे ते बनते: कडेला हत्ती, त्याच्या शेजारी घोडा. त्यामुळे मारामारी करताना प्यादे कोणत्या पट्टीत सरकते आहे, याचा हिशेब आधीपासून ठेवावा लागतो. त्याहून गमतीचा नियम एकट्या राजाचा. सगळे मोहरे गमावून राजा उघडा पडला, की डाव निकाली जिंकता येत नाही. म्हणून जिंकत आलेला खेळाडू शत्रूचे शेवटचे प्यादे मारत नाही, उलट जपतो! प्याद्याने केलेली मात, म्हणजे प्यादेमात, सर्वांत मानाची.

पंजाबचा मीर सुलतान खान याच नियमांत वाढला. पाश्चात्त्य नियम तो १९२६ च्या सुमारास शिकला आणि १९२९, १९३२ व १९३३ मध्ये ब्रिटिश विजेता झाला. सुरुवातीच्या चालींत तो कच्चाच राहिला. अंतिम टप्प्यात मात्र भल्याभल्यांना भारी पडे.